सिरिंज पंपाने ९६ वेलमध्ये प्रत्येकी १०० मायक्रोलिटर: पहिला वेल कमी का, मधला कोरा का

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे ते कळेल. संगणकाला सीरियल केबलने जोडलेला न्यू एरा एनई-१००० जातीचा पंप, त्यावर १० मिलीची प्लास्टिकची सिरिंज, अर्धा मीटर सिलिकॉनची नळी, पुढे २१ गेजची सुई (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक, आकडा मोठा तितकी सुई बारीक). सुई एका स्टेजवर, म्हणजे मोटरने सरकणाऱ्या मंचावर बसवलेली, पायथॉनमधला प्रोग्रॅम तिला ९६ खळग्यांच्या प्लेटवर वेलवरून वेलवर, म्हणजे खळग्यावरून खळग्यावर नेतो आणि प्रत्येक ठिकाणी ६ मिली प्रति मिनिट दराने १०० मायक्रोलिटर बफर, म्हणजे प्रयोगाचं द्रावण, सोडायला सांगतो. सिरिंज नव्याने भरली की पहिला वेल ९० च्या आसपास येतो. पुढचे कधी ९०, कधी ११०, पण एकूण सरासरी ठीक. मधूनच एखादा वेल पूर्ण कोरा. तुम्ही विचारलंय की पंप बिघडलाय की कोड चुकलाय.

पंप बहुधा ठणठणीत आहे. एकाच वेळी तीन वेगळे दोष दिसत असल्यामुळे गोंधळ होतोय. पहिला वेल कमी पडतो तो स्क्रूतल्या खेळामुळे, म्हणजे सैलपणामुळे. पुढचे कमी-जास्त होतात ते सुईला लटकणाऱ्या थेंबामुळे आणि बहुधा नळीत अडकलेल्या हवेमुळे. कोरा वेल मात्र सरळसरळ प्रोग्रॅमची चूक आहे. या तिघांचे इलाज वेगवेगळे आहेत, म्हणून १०० ऐवजी १०५ पाठवून बघण्याचा मोह टाळा. त्याने सरासरी बिघडेल आणि फरक तसाच राहील.

मुळात पंपाला द्रव दिसत नाही. स्टेपर मोटर लीड स्क्रू फिरवते, स्क्रू ठोकळ्याला ढकलतो, ठोकळा दट्ट्याला. पंपाला माहीत असते फक्त मोटर किती फिरली ते. तुम्ही दिलेला सिरिंजचा आतला व्यास घेऊन तो त्या फिरण्याचे मायक्रोलिटर करतो. पडद्यावर दिसणारा आकडा हा हिशेब आहे, माप नाही. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिताना डोळ्यांसमोर मायक्रोलिटरऐवजी दट्ट्याची मिलिमीटरमधली चाल ठेवा. अर्ध्याहून जास्त कोडी तिथेच सुटतात.

व्यासापासून सुरुवात करू, कारण तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं. १० मिली लिहिलेल्या सगळ्या सिरिंजांचा व्यास सारखा नसतो. एका बनावटीचा १४.५ मिमीच्या आसपास, तर दुसरीचा १५.८ सुद्धा असतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून ही अदलाबदल झाली तर जवळपास १९ टक्क्यांची चूक होते. तुमची सरासरी बरोबर येतेय, म्हणजे तुमचा व्यास बरोबर असावा.

या जातीच्या पंपात व्यासाशी जोडलेला एक सापळा आहे. आकारमानाचं मूळ एकक व्यासावरून ठरतं: १४ मिमीपर्यंत मायक्रोलिटर, त्यापुढे मिलिलिटर. म्हणजे आज १४.५ व्यासावर १०० मायक्रोलिटरसाठी ०.१०० पाठवावं लागतंय. उद्या लहान सिरिंज लावून नुसता व्यास बदललात तर तोच ०.१०० म्हणजे एका मायक्रोलिटरचा दहावा भाग होईल आणि पंप काहीच करत नाही असं वाटेल. उलट्या दिशेने चुकलात तर पंप १०० मिली सोडायला निघेल. व्यास पाठवल्यावर एककही स्पष्ट पाठवा आणि दोन्ही परत वाचून पडताळा. पाठवलेलं आणि परत आलेलं जुळलं नाही तर प्रोग्रॅमने तिथेच थांबावं.

आता पहिल्या वेलकडे. १४.५ मिमी व्यासाचं क्षेत्रफळ साधारण १६५ चौरस मिमी होतं. १०० मायक्रोलिटर म्हणजे १०० घन मिमी, म्हणजे दट्ट्याची चाल फक्त ०.६ मिमी. तुम्ही सिरिंज भरताना दट्टा मागे ओढता. नंतर दिशा उलटली की आधी स्क्रू आणि नट यांच्यातला खेळ भरून निघतो, दट्ट्याची टोपी पकडीत थोडी सरकते, आतलं रबर दुसऱ्या बाजूला वाकतं, आणि मगच द्रव हलतो. हे सगळं मिळून अगदी ०.०५ मिमी धरलं तरी या सिरिंजमध्ये ८ मायक्रोलिटर होतात. तुमचा ९० चा वेल इथून येतो. दुसऱ्या वेलपासून दिशा बदलत नाही, म्हणून तो दोष नाहीसा होतो.

तोच ०.०५ मिमी ७.२८ मिमी व्यासाच्या, २.५ मिलीच्या काचेच्या सिरिंजमध्ये फक्त २ मायक्रोलिटर होतो, कारण तिथे १०० मायक्रोलिटरला दट्टा २.४ मिमी चालतो. तुम्ही १० मिली निवडली ती ९६ वेल एका भरणीत व्हावेत म्हणून, ते समजतं. पण भरणी वाचवण्यासाठी अचूकता चौपटीने घालवणं परवडणारं नाही. माझा साधा नियम असा की एका सोडण्याला दट्ट्याची चाल किमान २ मिमी असावी. त्याहून कमी भरत असेल तर सिरिंज लहान करतो. काचेच्या सिरिंजमध्ये दट्ट्याच्या टोकाला टेफ्लॉन असतं. ते काळ्या रबरासारखं चिकटून मग झटक्याने सुटत नाही, हा दुसरा फायदा.

२.५ मिलीत हिशेबही छान बसतो. सिरिंज २.५ मिलीपर्यंत भरायची. मग दिशा उलटून ५० मायक्रोलिटर बाटलीतच परत सोडायचे. या पन्नासात खेळ पूर्ण भरून निघतो. सुई बाटलीच्या आतल्या भिंतीला टेकवून बाहेरचा थेंब काढायचा. मग २४ वेल, म्हणजे प्लेटच्या दोन ओळी, आणि सिरिंजमध्ये ५० मायक्रोलिटर शिल्लक. दट्टा तळाला आपटत नाही. पुढच्या वेळी २.४५ मिली ओढायचे. अशा चार भरण्यांत प्लेट पूर्ण. या बारीक सिरिंजमध्ये हा पंप मिनिटाला जेमतेम २ मिली ओढू शकतो, म्हणून भरायला प्रत्येक वेळी सव्वा मिनिट लागेल. कुठल्याही सिरिंजमध्ये फार घाईने ओढलंत तर दाब कमी होऊन द्रवातली विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते. तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवता आला तर सुई बाटलीपर्यंत न्यावी लागणार नाही, पण त्याशिवायही हे चालतं.

दुसरा दोष, म्हणजे ९० आणि ११० चा झोका, यावर जास्त वेळ देतो, कारण लोक इथेच मोटरला दोष देतात. २१ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास ०.८ मिमी, आतला ०.५१. अशा सुईवरून सुटणारा पाण्याचा एक थेंब साधारण १० ते १५ मायक्रोलिटरचा असतो. १०० मायक्रोलिटर सोडले तर सात-आठ थेंब पडतात आणि शेवटचा अर्धवट लटकून राहतो. तो या वेलमध्ये पडला तर इथे जास्त, पुढच्यात पडला तर तिथे जास्त. सरासरी ठीक आणि एकेक आकडा चुकीचा, हे या दोषाचं ठरलेलं लक्षण आहे.

इलाज तीन आहेत आणि कोणता घ्यायचा ते वेलमध्ये आधी काय आहे त्यावर ठरतं. वेल रिकामे असतील किंवा सगळ्यांत एकच बफर असेल तर सोडून झाल्यावर सुई वेलच्या भिंतीला टेकवून उचला. यासारखं साधं आणि खात्रीचं दुसरं काही नाही. वेलमध्ये वेगवेगळे नमुने असतील तर टेकवणं बाद, कारण एकातलं दुसऱ्यात जाईल. तेव्हा थेंबाऐवजी धार पाडावी लागते. ०.५१ मिमीच्या सुईत पाण्याची सलग धार व्हायला वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास, म्हणजे १५० मायक्रोलिटर प्रति सेकंद लागतो. तुमचा दर १०० आहे, थेंब पडण्याच्या बाजूला. त्यासाठी दर ९ मिली प्रति मिनिट करावा लागेल, पण १४.५ मिमीच्या सिरिंजवर हा पंप तेवढा पोचत नाही, म्हणून याच सिरिंजवर दर तोच ठेवून २५ गेजची सुई लावा. तिचा आतला व्यास ०.२६ मिमी, तिथे ६० मायक्रोलिटर प्रति सेकंदालाही धार होते. मात्र प्रथिनं असलेला बफर जोराच्या धारेने फेसाळतो, आणि उथळ वेलमध्ये शिंतोडे उडतात. त्यामुळे आधी रंगीत पाणी घालून बघा.

तिसरा इलाज म्हणजे सोडून झाल्यावर दट्टा किंचित मागे घेऊन थेंब सुईत ओढणं. हा लोकांना आवडतो, पण चुकीचा वापरला जातो. मागे घेणं म्हणजे दिशा बदलणं, म्हणजे पुन्हा तोच खेळ आडवा. खेळ ८ मायक्रोलिटरचा असताना ५ मागे घेण्याची आज्ञा दिलीत तर दट्टा जागचा हलतच नाही. काहीच न झाल्यासारखं दिसतं ते यामुळे. मागे घ्यायचं आकारमान खेळापेक्षा मोठंच हवं. दुसरी गोष्ट, पुढच्या वेलला १०० नव्हे तर १०० अधिक मागे घेतलेलं तेवढं सगळं सोडायला सांगा. मागे १० घेतले तर पुढे ११०. मागे जाताना खेळाने जे खाल्लं तेच पुढे येताना खाल्लं जातं, दोन्ही फिटतात, आणि निव्वळ १०० उरतात. नुसते १०० पाठवलेत तर प्रत्येक वेल १० ने कमी भरेल. भरणीनंतरचा पहिला वेल या हिशेबात वेगळा धरा: त्याआधी मागे घेतलं नसेल तर त्याला १०० च.

आता हवा. तुमच्या रचनेत ६ मिली प्रति मिनिटाला पाण्यासाठी किती दाब लागतो ते बघू. ०.८ मिमी आतल्या व्यासाची अर्धा मीटर नळी धरली तर तिच्यात सुमारे ५ किलोपास्कल, २५ मिमी लांबीच्या २१ गेजच्या सुईत दीड. एकूण साडेसहा. सिरिंजमध्ये १०० मायक्रोलिटरचा, लहान वाटाण्याएवढा बुडबुडा असेल तर या दाबाने तो साधारण ६ मायक्रोलिटर आक्रसतो. दट्टा चालू असताना तेवढा द्रव बाहेर यायचा राहतो आणि दट्टा थांबल्यावर बुडबुडा फुगून तो हळूहळू बाहेर टाकतो. पंप थांबल्यावरही सुई गळतेय असं दिसलं की आधी बुडबुडा शोधा. स्टेज लगेच पुढे गेला तर ते ६ मायक्रोलिटर रस्त्यात किंवा पुढच्या वेलमध्ये पडणार.

इथे सुई बारीक करण्याची किंमत कळते. आतला व्यास कमी झाला की दाब त्याच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ गेज लावलीत की सुईतला दीड किलोपास्कल बावीसवर जातो, आणि तोच बुडबुडा आता २० मायक्रोलिटर गिळतो. वजनाने ५० टक्के ग्लिसरॉल घेतलंत तर पाण्याच्या पाच-सहा पट चिकटपणा आणि तितक्याच पट दाब. म्हणून धार हवी असेल तर आधी हवा काढा, मगच सुई बदला. सिलिकॉनची नळी स्वतःही फुगते. तिच्या जागी टेफ्लॉनची नळी लावा आणि शक्य तितकी आखूड ठेवा. ०.८ मिमीच्या अर्ध्या मीटर नळीत २५० मायक्रोलिटर मावतात. सुरुवातीला किमान त्याच्या तिप्पट, म्हणजे पाऊण मिली द्रव वाहू द्या, सिरिंजचं तोंड वर करून आणि टिचक्या मारून. बफर शीतपेटीतून काढून लगेच वापरू नका, गरम होताना तो हवा सोडतो.

कोऱ्या वेलचं कारण तुमच्या कोडच्या वर्णनातच आहे: चालू करण्याची आज्ञा, मग एक सेकंद झोप, मग पुढचा वेल. ६ मिली प्रति मिनिटाने १०० मायक्रोलिटरला बरोबर एक सेकंद लागतो. म्हणजे सवड शून्य. आज्ञा पोचायला, मोटर सुरू व्हायला जरा उशीर झाला की तुमची पुढची आज्ञा पंप अजून चालू असतानाच येते. तो ती नाकारतो, प्रश्नचिन्ह आणि एन-ए अशी दोन अक्षरं परत पाठवतो, म्हणजे ही आज्ञा आत्ता लागू नाही. तुमचा प्रोग्रॅम उत्तर वाचतच नाही, म्हणून सुई कोऱ्या वेलवर थांबून पुढे निघून जाते.

झोपेचा वेळ दीड सेकंद केलात तर दोष लपेल, जाणार नाही. पंपालाच विचारा. या पंपाला नुसतं कॅरेज रिटर्न, म्हणजे आज्ञेच्या शेवटची खूण (बाइट १३), पाठवलं तरी तो स्थिती कळवतो. उत्तराची घडण अशी: सुरुवातीला एसटीएक्स म्हणजे बाइट २, मग दोन अंकी पत्ता, मग स्थितीचं एक अक्षर, मग असेल ती माहिती, शेवटी ईटीएक्स म्हणजे बाइट ३. स्थिती आय (I) म्हणजे सोडतोय, डब्ल्यू (W) म्हणजे ओढतोय, एस (S) म्हणजे थांबलाय, ए (A) म्हणजे अलार्म. दर १०० मिलिसेकंदांनी विचारा आणि एस आला की पुढे जा.

उत्तर वाचतानाही एक चूक सर्रास होते. पायथॉनमध्ये ओळ वाचायचं फंक्शन नव्या ओळीच्या खुणेची वाट बघतं, आणि हा पंप ती पाठवतच नाही. त्यामुळे प्रत्येक वाचन पूर्ण टाइमआउट खाऊन परत येतं, प्रोग्रॅम संथ होतो, आणि मग वैतागून लोक वाचणंच काढून टाकतात. बाइट ३ येईपर्यंत वाचा. १९२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), ८ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट या जोडणीत सेकंदाला १९२० अक्षरं जातात, म्हणजे दहा अक्षरांचं उत्तर सुमारे ५ मिलिसेकंदांत येतं. यूएसबीचा अडॅप्टर एफटीडीआय कंपनीच्या चिपचा असेल तर त्याचा लेटन्सी टायमर, म्हणजे आलेली अक्षरं रोखून धरण्याचा वेळ, मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. त्यामुळे थोडा उशीर दिसला तर बिचकू नका. नवी आज्ञा देण्याआधी संगणकात आधीच येऊन साठलेली अक्षरं (इनपुट बफर) काढून टाका, नाहीतर जुनं उत्तर नव्या आज्ञेचं समजलं जाईल. पंप नुकताच चालू केला असेल तर पहिल्या उत्तरात रीसेटचा अलार्म येतो. म्हणून खऱ्या आज्ञांआधी एक रिकामं कॅरेज रिटर्न पाठवून तो निकालात काढा.

प्रत्येक वेलसाठी मी हा क्रम ठेवतो. सुई जागेवर पोचल्याची स्टेजकडून खात्री. सोडलेल्या आकारमानाचा गणक शून्य. आकारमान पाठवणं, उत्तरात प्रश्नचिन्ह नाही हे बघणं. चालू करणं, उत्तरात स्थिती आय आली का बघणं. मग एस येईपर्यंत विचारत राहणं, अपेक्षित वेळेच्या दीडपट अधिक दोन सेकंद एवढी कमाल मर्यादा घालून. मर्यादा उलटली किंवा अलार्म आला तर थांबण्याची आज्ञा देऊन प्रोग्रॅम बंद, वेलचा क्रमांक नोंदवून. आपोआप पुन्हा प्रयत्न करू नका: अर्धा भरलेला वेल पुन्हा भरला जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. सगळं नीट झालं तर गणक वाचून नोंदीत लिहा आणि सुई हलवण्याआधी ३०० मिलिसेकंद थांबा, दाब उतरायला. ग्लिसरॉलसारख्या द्रवाला हा वेळ सेकंदापर्यंत वाढवावा लागतो.

गणक जुळला म्हणजे द्रव पडला असं मात्र नाही. खरं माप तराजूवरच होतं. ०.१ मिलिग्रॅम वाचणारा तराजू, झाकण असलेली छोटी कुपी, खोलीच्या तापमानाला आलेलं पाणी. २० अंशांना एका मिलिग्रॅमला १.००२९ मायक्रोलिटर धरतात, म्हणजे १०० मायक्रोलिटरचं वजन ९९.७ मिलिग्रॅम यायला हवं. दहा-दहा वेळा मोजा, आणि हे महत्त्वाचं, एकाच आकारमानाला नको: ५०, १०० आणि ५०० तिन्ही घ्या. तिन्हीकडे २ टक्केच कमी आलं तर व्यास चुकलाय. तिन्हीकडे ३ मायक्रोलिटरच कमी आलं तर खेळ किंवा थेंब. दहा मापांत विखुरलेपण जास्त पण सरासरी ठीक असेल तर पुन्हा सुईचं टोक आणि हवा बघा. व्यासाची दुरुस्ती फक्त पहिल्या प्रकारात करायची: मोजलेलं आकारमान भागिले मागितलेलं, त्याचं वर्गमूळ, गुणिले आत्ताचा व्यास. दुसऱ्या प्रकारात व्यास हलवलात तर १०० ला बरोबर येईल आणि ५० ला व ५०० ला दोन्हीकडे चुकेल.

पुढे कधी कॅव्ह्रो जातीचा, वर व्हॉल्व्ह असलेला पंप हाती आला तर आज्ञा वेगळ्या, विचार हाच. तिथे मायक्रोलिटर नसतात, थेट पायऱ्या असतात. ३००० पायऱ्यांच्या पंपावर २.५ मिलीची सिरिंज असेल तर १०० मायक्रोलिटर म्हणजे १२० पायऱ्या, अगदी सरळ. पण ३३ मायक्रोलिटर म्हणजे ३९.६. प्रत्येक वेळी ४० पाठवत गेलात तर २४ वेलनंतर ८ मायक्रोलिटर जास्त गेलेले असतात. म्हणून किती सोडायचं ते न सांगता दट्टा कुठे पोचायला हवा ते सांगा, आणि प्रत्येक स्थान सुरुवातीपासून मोजून पूर्णांकात आणा. चूक मग अर्ध्या पायरीपलीकडे साठत नाही. पंप मोकळा आहे की कामात, ते क्यू आज्ञेच्या उत्तरातल्या स्थितीच्या बाइटमध्ये ३२ किंमतीच्या बिटवरून कळतं: बिट १ असेल तर मोकळा, ० असेल तर कामात.

तुमच्या बाबतीत मी कामं या क्रमाने करेन. आज आधी उत्तर वाचणं आणि स्थिती विचारणं कोडमध्ये घाला, त्याला काही विकत घ्यावं लागत नाही आणि कोरे वेल लगेच थांबतील. मग आहे त्याच सिरिंजवर, भरणीनंतर ५० मायक्रोलिटर बाटलीत परत सोडून पहिला वेल मोजा. तो ९० वरून १०० च्या जवळ आला तर खेळाचं निदान पक्कं झालं. मग सुई भिंतीला टेकवून दहा वेल मोजा. एवढं करून विखुरलेपण २-३ टक्क्यांच्या आत आलं आणि तुमच्या कामाला तेवढं पुरत असेल तर नवी सिरिंज घेऊही नका. एक टक्का हवा असेल तर २.५ मिलीची काचेची आणि टेफ्लॉनची नळी दोन्ही लागतील. तराजूवरचे तिन्ही आकारमानांचे आकडे, सरासरी न काढता एकेक माप तसंच ठेवून, पाठवा; त्यांच्या क्रमावरूनच पुढचं सांगता येईल.